आठवारी

एडिंबरा, बुधवार

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, तेव्हा शिव्या देण्याचा तुझा हक्क मान्य करूनच लिहायला बसलो आहे. प्रकृती ठीक, गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे. मात्र काल जे घडले ते तुझ्याखेरीज कोणालाही सांगितले तरी विनोद म्हणूनच ऐकले जाईल.

शनिवारी मनूचे लग्न. दोन्ही वडिलांनी किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, नेसावा अशी व्याह्यांची इच्छा. ('नेसावा' हेच क्रियापद बरोबर, आठ वार लोकरीचे कापड कोणी 'घालत' नाही. आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी!) माझे कुळ इथले नसल्यामुळे कोणालाही चालणारा, गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचा 'ब्लॅक वॉच' भाड्याने आणला आणि निऱ्या पुढेच असतात या भरवशावर चुण्यांची बाजू पोटावर घेतली. जावयाचे आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी न हसता मला धरून फिरवले. चुण्या मागे, सपाट पदर पुढे. आतल्या पदराचा पट्टा डाव्या कुशीवरच्या फटीतून बाहेर काढायचा, वरच्या पदराची मोकळी कड उजवीकडे आणून बकले लावायची. कमर बेंबीपाशी, खालची किनार गुडघ्यावर. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करून मगच टेकायचे, हे तर आपल्या आज्या न सांगता करत.

मी भीतीपोटी पिन दोन्ही पदरांतून आरपार टोचली होती. आजोबांनी ती काढून फक्त वरच्या पदराला लावली. ती वजनासाठी असते. दोन्ही पदर जखडले तर कापड ओढले जाऊन फाटते. आता त्यांना कसे सांगणार, की गॅदरिंगमध्ये भर रंगमंचावर तुझे धोतर सुटलेले पाहिल्यापासून माझा कोणत्याही गाठीवर विश्वास नाही? आणि हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो की तुझ्या कासोट्यावर पाय मी दिला नव्हता.

किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे साखळीने कातडी बटवा बांधतात. त्याला स्पोरन म्हणतात. तो बकलाखाली चार बोटे लोंबला पाहिजे, आणि नाचताना कुशीवर सरकवायचा. उजव्या मोज्यात छोटी सुरी, मूठ तेवढी दिसेल अशी. एरवी रस्त्यात सुरी बाळगणे हा इथे गुन्हा, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिला कायद्याने सूट आहे. मोज्यांच्या दुमडीखाली डोकावणाऱ्या रंगीत फिती म्हणजे मोजे घसरू नयेत म्हणून बांधलेल्या लवचीक पट्ट्यांची टोके. बुटांना जीभच नाही, लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळायच्या. दलदलीतले पाणी वाहून जावे म्हणून, असे आजोबा म्हणाले.

मग ते सांगू लागले, की कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख बंद झाला आणि ती बंदी १७८२ मध्ये उठली. छत्तीस वर्षे! काल त्यांच्याच काकाला अटक झाली असावी अशा आवाजात सांगत होते. मी बटव्याखालची चार बोटे मोजत होतो, आणि मला नाना आठवले.

माझ्या लग्नात त्यांनी आणलेले जरीकाठी धोतर मी "हे कोण सांभाळत बसणार?" म्हणून परत केले आणि सूट घातला. मला कोणी बंदी केली नव्हती. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा मला तो तुझा आगाऊपणा वाटला होता. नानांनी ते धोतर तुला दिले, आणि तू ते तुझ्या लग्नात नेसलास. फोटोत नाना माझ्यापेक्षा तुझ्याच शेजारी अधिक ताठ उभे आहेत.

आता खरी लाज सांगतो. रविवारी आपल्या पद्धतीने कन्यादान आहे. त्यासाठी मी शिवलेले, इलॅस्टिकचे धोतर मागवले आहे. शनिवारी चार बोटे मोजून किल्ट, आणि रविवारी इलॅस्टिक! काल रात्रभर हेच डोक्यात घोळत होते.

वहिनींच्या मोतीबिंदूचे काय झाले? सुमीतची बदली रद्द झाली का? गच्ची यंदा तरी गळायची थांबू दे.

शुक्रवारी तुझ्या रात्री नऊला व्हिडिओ कॉल करीन. नानांचे धोतर अजून असेल तर तेच, नसेल तर तुझे, कॅमेऱ्यासमोर सावकाश नेसून दाखव. वहिनींना हसू दे. पाच वार पांढरे सुती कापड मी आज सकाळी आणून ठेवले आहे. निऱ्या किती घ्यायच्या ते मात्र आधी कळव.

तुझा,
अनंता