माळ ओसाड नसतो, जरा ओव्या पण वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे वृक्षारोपणाच्या बातम्यांचा पण पाऊस पडतो. "ओसाड माळ हिरवागार होणार", "उजाड टेकडीवर हजारो रोपं", आणि फोटोत एक खड्डा, एक रोप आणि त्याला हात लावून उभी पंधरा माणसं. सरकारी टार्गेट पण आपण बघितलेत, 2016 ला 2 कोटी, मग 4, मग 13 आणि 2019 ला थेट 33 कोटी. झाडं लावायला माझा विरोध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणणार की याला पर्यावरण नको. पण पुणे, सोलापूर, सातारा, नगरच्या ज्या पट्ट्यात पाऊसच जेमतेम 500-600 मिलिमीटर आणि वीतभर मातीखाली मुरूम, तिथला माळ म्हणजे तोडलेलं जंगलच, हे ठरवलं कोणी? इंग्रजांच्या जंगल खात्याला लाकूड पाहिजे होतं, त्यामुळे जिथे लाकूड नाही ती जमीन त्यांच्या लेखी पडीक, आणि तो शिक्का आपण अजून कागदावर सांभाळून ठेवलाय.

यावर 2025 मध्ये "पीपल अँड नेचर" या जर्नलमध्ये एक फार भारी शोधनिबंध आला, मराठी वर्तमानपत्रांत त्याची चर्चा व्हायला पाहिजे तेवढी झाली नाही असं मला वाटतं. दोन संशोधकांनी काय केलं, तर तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, ओव्या, लोककथा काढल्या आणि त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या गावाजवळ कुठलं रानझाड आलंय ते वेचून काढलं. निम्म्याहून जास्त नावं उघड्या गवताळ रानातल्या झाडांची निघाली, हिवर, तरवड वगैरे, दाट जंगलातली नाही. म्हणजे इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधी इथे माळच होता. मग त्यांनी ते जुनी चित्रं, महसुली कागद, जमिनीत सापडलेले परागकण यांच्याशी ताडून बघितलं, तिकडूनही साधारण तीच गोष्ट निघाली.

आता यातली खरी मेख बघा. हे काम नुसत्या बॉटनीवाल्याला जमणार नाही आणि नुसत्या मराठीवाल्याला पण नाही. जुन्या काव्यात वनाचं वर्णन आलं की चंदन, अशोक, बकुळ अशी ठरलेली यादी यायची, कवीने ते झाड आयुष्यात बघितलेलं असो नसो, त्यामुळे यातलं काय बघून लिहिलंय आणि काय रिवाज म्हणून आलंय हे सांगायला साहित्यच मुरलेलं लागतं. उलट हिवर म्हणजे बाभळीच्याच जातकुळीतला पण फिकट सालीचा, छत्रीसारखा पसरणारा, उघड्यावरच नीट वाढणारा, तो तिथे आहे याचा अर्थ डोक्यावर दाट सावली नव्हती, हे सांगायला झाडाची माहिती लागते. शिवाय एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना, ते सोडवायला गावातलं म्हातारं माणूस लागतं! आणि ओवीत विलायती बाभूळ किंवा घाणेरी आली की समजायचं हा तुकडा नंतरचा, कारण ही दोन्ही बाहेरून आलेली. म्हणजे झाडावरून ओवीचा काळ कळतो आणि ओवीवरून जमिनीचा.

गवताचंही तसंच. कुसळी गवताचं कुसळ मोज्यात अडकतं तेवढंच आपल्याला माहीत, पण ते ओलं झालं की पीळ सुटून गोल फिरतं, वाळलं की परत पीळ बसतो आणि असं करत करत बी जमिनीत शिरतं. गवताचा कोंब बुडाशी असतो म्हणून मेंढरांनी चरलं तरी ते परत फुटतं, पण वर सावली धरली की संपलं. वनीकरणात लावतात त्या गिरिपुष्पाखाली कधी पवन्या किंवा मारवेल ही माळाची गवतं बघितलीत का कोणी? सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य केलं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. त्याची कारणं बरीच आहेत, पण माळाला माळ म्हणून किंमत नसणं हे त्यातलं एक आहेच.

आणि साहित्य काही कमी पडलेलं नाही. सोंथायमर नावाचे जर्मन अभ्यासक धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या गोळा करत आपल्याकडे वर्षानुवर्षं हिंडले. जात्यावरच्या ओव्या तर हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर जमवून ठेवल्यात. त्यातल्या गवता-झाडांची यादी करायला किती जणं बसली? आपल्याकडे दहावीला मार्क कमी पडले की आर्ट्स आणि जास्त पडले की सायन्स, मग सायन्सवाल्याला ओवी म्हणजे टाइमपास आणि मराठीवाल्याला तरवड म्हणजे कसलं तरी झुडूप (तरवडाची साल कातडं कमवायला वापरायचे, म्हणजे त्यात केमिस्ट्री पण आली, पण ते जाऊ दे). नवीन शैक्षणिक धोरणात विषय मिसळायची सोय आहे म्हणतात, मग माळाच्या कडेला असलेल्या कॉलेजांनी हाच प्रोजेक्ट द्यावा की, मराठीची दोन पोरं, बॉटनीची दोन पोरं आणि सोबत एक मेंढपाळ.

वन खात्याला एक विनंती, कुठल्याही माळावर खड्डे घ्यायच्या आधी तिथल्या गवतांची आणि झुडपांची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. आणि तुमच्या बातमीदारांना पण सांगा, फोटो काढून झाला की तिथे मेंढरं चारणाऱ्याला एवढं विचारा, की इथे आधी काय उगवायचं आणि आता तुम्ही मेंढरं कुठे नेणार?

आपला,
एक नियमित वाचक, दौंड तालुका