गर्दीच्या आकड्यासोबत क्षेत्रफळही छापा

महोदय,

सभा झाली की दुसऱ्या दिवशी गर्दीचे दोन आकडे वाचायला मिळतात, आयोजकांचा आणि पोलिसांचा. कधीकधी दोन्हींत तिपटी-चौपटीचा फरक असतो. वार्ताहर दोन्ही छापून मोकळा होतो, वर छायाचित्राखाली ‘लाखोंचा जनसागर’. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकवले, त्यामुळे असे काही वाचले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

फुटबॉलचे प्रमाणित मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ७,१४० चौरस मीटर. त्यावर एक लाख माणसे उभी करायची तर प्रत्येक चौरस मीटरमध्ये चौदा जण हवेत. घरी जमिनीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखा आणि त्यात चौदा जणांना उभे करून बघा! चार जण उभे राहिले तरी खांद्याला खांदा लागतो. त्या हिशेबाने मैदान गच्च भरले तरी अठ्ठावीस-एकोणतीस हजारच होतात.

ही युक्ती पत्रकारितेतलीच आहे. १९६०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स पत्रकारिता शिकवत. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची निदर्शने होत आणि तिथली फरसबंदी चौकोनांची होती. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणले. विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि चेंगराचेंगरीच्या बेतातल्या गर्दीत अडीच, हे त्यांचे ठोकताळे आजही वापरतात.

वर्गात मी मण्यांची बरणी ठेवून “किती?” असे विचारले की मुले तोंडाला येईल तो आकडा सांगत. आधी दहा मणी वेगळे काढून दाखवले की तीच मुले बरणीकडे थांबून बघू लागत. मग कुणीतरी तळाचा एक थर मोजायचे आणि वर असे किती थर आहेत ते बघायचे. मोठ्यांनाही आधाराला असा एक छोटा, खरोखर मोजलेला आकडा लागतो.

मात्र तो कुठून घेतला, यावर सगळे अवलंबून आहे. व्यासपीठापुढची दाटी मोजून साऱ्या मैदानाला लावली तर उत्तर फुगणारच, कारण मागे लोक ऐसपैस उभे असतात. समोरून, खालून काढलेल्या छायाचित्रात मधल्या मोकळ्या जागा झाकल्या जातात. उंचावरून काढलेले छायाचित्र घ्यावे, मैदानाचे दाट, मध्यम आणि विरळ असे भाग पाडावेत, प्रत्येकातला एक तुकडा मोजावा. चालत्या मोर्चाला हे लागू नाही. तिथे एका जागी उभे राहून मिनिटाला किती जण पुढे जातात ते मोजावे लागते.

आयोजकांचा आकडा जरूर छापा, पण त्याखाली मैदानाचे क्षेत्रफळ द्या. आपल्या वार्ताहराचा अंदाज असेल तर तो ‘२५ ते ३० हजार’ असा असावा. ‘२७,४५०’ असे वाचले की मला कुणीतरी प्रत्येकाची हजेरी घेतल्यासारखे वाटते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका