बंगला बुक करण्याआधी मालक कुठे राहतो ते विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पर्यटकांचा ओढा हॉटेलांपेक्षा खासगी बंगल्यांकडे वाढतो आहे, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी खरी आहे. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ‘बंगला भाड्याने मिळेल’चे फलक आणि हात करून गाड्या थांबवणारी पोरे दिसतातच. पण बातमीत कारण एकच दिले आहे, माणशी खर्च कमी पडतो हे. सुट्ट्या जवळ आल्या की आम्हा सातारकरांना पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येतात, ‘वर राहायला काय घेऊ?’ म्हणून. मला येतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, ज्या घरात तुम्ही उतरणार त्याचा मालक रात्री कुठे असतो? माझ्या मते सगळी निवड या एका गोष्टीवर ठरायला हवी, म्हणून हे पत्र.

पैशाचे आधी उरकते. समजा, दहा जणांनी तीन खोल्यांचा बंगला रात्रीला बारा हजारांना घेतला. माणशी बाराशे, ऐकायला छान. मग जादा गाद्यांचे वेगळे, स्वयंपाकाच्या मावशींचे वेगळे, शेकोटीच्या लाकडांचे वेगळे, आणि वर अनामत रक्कम. ती परत घ्यायची वेळ आली की चादरीवरचा डाग निघतो. हॉटेलात बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो, पक्की पावती मिळते आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दोघेतिघे एका रात्रीसाठी जाणार असतील तर बंगल्याच्या भानगडीत पडूच नये. आठ-दहा माणसे, दोन-तीन मुक्काम आणि त्यात अंगावरचे मूल असेल, तर मात्र स्वयंपाकघर हाताशी असल्याचे सुख मोठे. रात्री दोनला दूध कोमट करायचे असते, सकाळी मऊ भात लावायचा असतो. त्यासाठी कुणाला फोन करून वाट बघत बसावे लागत नाही. मधुमेहाच्या माणसालाही जेवणाच्या वेळा सांभाळता येतात.

वडीलधारे सोबत असतील तर एक गोष्ट आवर्जून विचारावी. आपल्याकडचे बरेचसे बंगले डोंगरउतारावर आहेत. गाडी वर थांबते आणि खोल्या खाली, पायऱ्या उतरून. जाहिरातीच्या फोटोत दरी दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाची सगळी सहल त्या एका खोलीत जाते. हॉटेलात निदान तळमजल्याची खोली मागता येते आणि रात्री काउंटरवर कुणीतरी जागे असते.

आता मूळ मुद्दा. गेल्या पावसाळ्यात आमच्या वन्संच्या मंडळींनी पाचगणीच्या बाजूला एक बंगला घेतला होता, मीही सोबत होते. बंगला देखणा होता, त्याबद्दल तक्रार नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर. त्याचा सिलिंडर आतच, बादलीच्या मागे ठेवलेला. वर एक वीतभर झरोका, तोही आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टीने बंद केलेला. राखणदार म्हणून ठेवलेल्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, ‘पाहुण्यांना गार वारं लागतं मावशी, म्हणून लावलाय. साहेब पुण्याला असतात.’ साहेबांचा नंबर मागितला तर त्याच्याकडे एजंटचा होता. एजंट म्हणाला, माझे काम बुकिंगपुरते. आम्ही पुठ्ठा काढला, गिझर बंद केला आणि पाणी शेगडीवर तापवले.

ही किरकोळ गैरसोय नव्हती. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की तो तिथला प्राणवायू खातो आणि ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोके जड वाटते, मग चक्कर येते आणि कडी काढायचे सुचण्याआधी तो खाली पडतो. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या आपणच छापता. त्या मुलाला हे कुणी सांगितलेच नव्हते आणि त्याला मी दोष देणार नाही. पगारावर ठेवलेला मुलगा मालकाच्या घरातली चूक कशी दुरुस्त करणार? मालक स्वतः त्या घरात राहत असता, रोज त्याच बाथरूममध्ये अंघोळ करत असता, तर तो पुठ्ठा दुसऱ्या दिवशीच निघाला असता.

म्हणून मला यात दोन वेगळे धंदे दिसतात आणि आपण दोन्हींना ‘होमस्टे’ म्हणून एकाच पंगतीला बसवतो. एकात घरचे लोक घरात राहून दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. दुसऱ्यात घर रिकामे, मालक परगावी, किल्ली एजंटकडे. पहिल्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पाचगणीजवळचे भिलारच पाहा. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव झाले, गावातल्या घराघरांत वाचनाची जागा झाली. तिथे कुणाच्या घरी उतरलात की पाहुण्याला पुस्तके, भाकरी आणि शेजार तिन्ही मिळते. घरातली आजी विचारते, ‘रात्री पांघरूण पुरलं का?’ स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात कुठून उतरायचे आणि कुठून नाही, हे ती दारातून ओरडून सांगते.

तापोळा, बामणोलीकडे हे आणखी महत्त्वाचे आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात त्या खोऱ्यातल्या जमिनी गेल्या. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतल्या कित्येक घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीच्या कामाला जात आले आहेत. मागे बायका, म्हातारे आणि थोडी नाचणी, थोडा भात. अशा घरातल्या बाईने एक खोली शेणाने सारवून, धुतलेली चादर घालून पाहुण्याला दिली आणि पिठले-भाकरी वाढली, तर तो पैसा त्याच चुलीपाशी राहतो. मुलगा मुंबईहून परत यायचा विचार करतो. परगावच्या मालकाच्या बंगल्याचे भाडे घाट उतरून निघून जाते आणि गावाला उरतो तो कचरा.

कचऱ्याबद्दल लिहायलाच हवे, कारण पाहुणे निवडताना याचा विचार करत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत आपले कास पठार आहे. एवढ्या मोलाच्या जागी, उन्हाळ्यात गावाला पाणी जपून वापरावे लागत असताना, शेजारच्या बंगल्यात टँकर रिकामे होतात आणि रात्री बारानंतर स्पीकर वाजतो. तक्रार कुणाकडे करायची? मालक परगावी, राखणदार हतबल, पाहुणे उद्या दुपारी जाणार. हॉटेलवर निदान पाटी असते, परवाना असतो, नगरपालिकेला नोटीस कुणाच्या नावाने काढायची ते माहीत असते.

हॉटेलवाल्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. हंगामात एका रात्रीची खोली द्यायचीच नाही, दोन रात्रींचे पॅकेज गळ्यात मारायचे, हे सर्रास चालते. डिसेंबरअखेरीस दर कुठच्या कुठे जातात. आणि ज्या गोष्टीची मला फार चीड येते ती म्हणजे भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरची सोय. दिवसभर पसरणी घाट, आंबेनळी घाट चढ-उतार करणारा माणूस रात्री थंडीत गाडीत पाय दुमडून झोपतो आणि सकाळी आपण त्याच्याच हातात कुटुंबाचा जीव देतो. खोली ठरवताना ‘ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का?’ हे विचारणारे पाहुणे वाढले तर हॉटेलवाले जागा काढतील. भिलार-तापोळ्याच्या घरांत मी पाहिले आहे, ड्रायव्हरलाही ओट्यावर किंवा पडवीत गादी मिळते आणि ताट पंगतीतच वाढले जाते.

यावर नवा कायदा करा, असेही माझे म्हणणे नाही. केंद्राच्या पर्यटन खात्याची घरगुती निवास-न्याहारीची योजना आहेच. तिच्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचे, ही अट आहे. घराची पाहणी होऊन त्याला सिल्व्हर किंवा गोल्ड दर्जा मिळतो. राज्याचीही निवास-न्याहारी योजना आहे. म्हणजे मालकाने घरात राहण्याला काय किंमत आहे, हे सरकारला कळलेले आहे. पण पाहुण्याला ते कळायला मार्ग नाही, कारण मोबाइलवर नोंदणीचे घर आणि बिननोंदणीचा बंगला शेजारी शेजारी दिसतात आणि फोटो ज्याचा चांगला तो पुढे जातो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. जिल्हा प्रशासनाने फलकावर आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे. मालक राहत नसलेल्या बंगल्याच्या दारावर, जो पंधरा मिनिटांत येऊ शकेल अशा जबाबदार माणसाचे नाव आणि नंबर असावा. ग्रामपंचायतीने आणि पालिकेने हंगामाआधी एकदा घरोघर फिरून गॅस गिझर आणि झरोके पाहावेत. याला ना मोठा निधी लागतो ना तज्ज्ञांची समिती. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवण्याचे बंधन हॉटेलांइतकेच घरांनाही आहे, हेही अनेक घरमालकांना माहीत नाही. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यापैकी कुणीतरी ते त्यांना समजावून सांगावे.

आणि आपल्याला एक विनंती. हंगामाच्या आधी आपण हॉटेलांच्या पानभर जाहिराती छापता, त्याच पानावर एक चौकट नोंदणीकृत घरगुती निवासांच्या यादीसाठी द्यावी. गावाचे नाव, खोल्या किती आणि नोंदणी क्रमांक, एवढे पुरे. यादी पर्यटन खात्याकडून मिळेल. तापोळ्याच्या ज्या बाईला मोबाइलवर चांगले फोटो टाकता येत नाहीत, तिचे घर त्या चौकटीत हॉटेलांच्या बरोबरीने दिसेल आणि पुढच्या वेळी मला फोन आला की मी तोच अंक उघडून वाचून दाखवीन.

कळावे.

आपली नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा