पाण्याची बाटली संपते, तोंड कोरडंच राहतं

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

दिवसाला तीन-चार बाटल्या पाणी पितोस आणि तरी घसा सुकला म्हणतोस. ऑक्टोबरचं ऊन आहे, लोकलमधली घामाची अंघोळ आहे, हे कबूल. पण बॅगेतल्या व्हेपचा, म्हणजे त्या ई-सिगारेटचा, यात मोठा वाटा आहे. तुला काळजीपोटी लिहिते आहे, रागावून नाही. शेवटपर्यंत वाच.

व्हेपच्या पॉडमधल्या, म्हणजे त्या छोट्या कुपीतल्या, द्रवात बहुतेक भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचाच असतो. निकोटिन आणि आंबा-पुदिन्याचा स्वाद त्यात थोडा. हे दोन्ही पदार्थ जिथे जातील तिथलं पाणी ओढतात. फुटलेल्या ओठांना नुसतं ग्लिसरीन लावलं तर चुरचुरतं, म्हणून आपण त्यात गुलाबपाणी घालतो ना, तेच इथे होतं. फरक एवढाच, की तुझ्या जिभेवर आणि टाळ्यावर गुलाबपाणी कुणी घालत नाही. प्रत्येक झुरक्याला तिथला ओलावा जातो आणि वर चिकट थर राहतो.

पाणी प्यायलं की मिनिटभरच बरं वाटतं, कारण पाणी गिळलं जातं आणि लाळ कमीची कमीच राहते. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि खाल्ल्यानंतर तोंडात जे आम्ल बनतं ते ती शमवते. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. तोंडाचा पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळू लागतं. लाळ आटली की तो वर यायला वेळ लागतो. अशा वेळी तू कोल्ड्रिंक घेतोस, त्याचा पीएच तीनच्या आसपास, वर साखर. मला खरी भीती आहे ती याची. हिरड्यांजवळची कीड दुखेपर्यंत कळत नाही. लिंबू सरबतानेही तेच होतं, म्हणून घोट घ्यायचा तो साध्या पाण्याचा.

निकोटिनने सारखी लघवी होते आणि अंगातलं पाणी जातं, असं तुझे मित्र सांगत असतील. ते चूक आहे. निकोटिनमुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि ते उलट मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. म्हणून रोज दुपारी लघवीचा रंग बघ. फिकट पिवळा असून तोंड कोरडं असेल, तर अंगात पाणी पुरेसं आहे, कोरडेपणा बहुधा व्हेपचा. गडद आणि थोडी होत असेल, तर पाणी खरंच कमी पडलंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर त्या दिवशीच्या रंगावर जाऊ नकोस.

मुंबईत हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो, त्याबरोबर मीठही जातं. फार घाम गेला, पाय वळले किंवा गरगरलं, तर ओआरएस घे. एक लिटरचं पाकीट पूर्णच, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात घालायचं आणि 24 तासांत संपवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं.

एक गोष्ट अजून. लागोपाठ झुरके मारलेस की व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेभोवतीच्या (कॉइलभोवतीच्या) कापसात द्रव मुरायला वेळच मिळत नाही. कापूस कोरडा पडतो, कॉइल तापतच राहते आणि करपट चव येते. कढईत तेल जळलं की डोळ्यांत झोंबणारा धूर येतो, त्यात अ‍ॅक्रोलीन असतं. ग्लिसरीन जळतानाही तेच तयार होतं, आणि फॉर्मल्डिहाइडसुद्धा. ती चव आली की पुढचा झुरका घेऊ नकोस, एवढं तरी माझं ऐक. 2019 च्या कायद्याने भारतात व्हेपची विक्रीच बंद आहे, त्यामुळे चोरून येणाऱ्या मालावर छापलेल्या आकड्यांची खात्री कोण देणार? आणि त्यावरचे निकोटिनचे पाच टक्के खरे धरले तरी एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटिन होतं.

सोडायचं ठरवलंस तर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. तलफ काही मिनिटांत ओसरते. 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळतं, पण आधी डॉक्टरांना विचार. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत बसलास तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचक्या, जळजळ सुरू होते. सावकाश चाव, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेव, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चाव, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं कटिंग चहा नको, कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. बोलावंसं वाटलं तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे.

तोवर रात्री अल्कोहोलचा माउथवॉश वापरू नकोस, तोंड आणखी सुकतं. फ्लोराइडच्या पेस्टने दात घास आणि त्यानंतर फक्त पाणी. व्हेप बंद करून दोन आठवड्यांनीही तोंड कोरडं राहिलं, हिरड्यांतून रक्त आलं किंवा जिभेवर पांढरे डाग दिसले, तर सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊ. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव.

तुझी,
आई