नंदास पत्र: थायरॉईडची गोळी आणि घरचे उपाय

प्रिय नंदा,

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेला रिपोर्ट, दोन्ही नीट वाचले. नैसर्गिक उपायांची यादी देऊन तू विचारलंयस की गोळी सुरू करण्याआधी तीन महिने ते करून बघू का. माझं उत्तर आधीच लिहून टाकते. गोळी उद्या सकाळपासून घे. तुझ्या यादीतलं काही गोळीच्या जोडीला चालेल, बरंचसं निरुपयोगी आहे पण अपाय करणार नाही, आणि दोन-तीन गोष्टी मात्र तुझ्या बाबतीत सरळ नुकसान करतील. कुठली कशात मोडते ते पुढे सविस्तर लिहिते.

रिपोर्टपासून सुरुवात करू. टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) नाहीच. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला कामाला लावण्यासाठी ते सोडते. थायरॉईड कमी पडली की टीएसएच वाढतं. साधारण ०.४ ते ४.५ ठीक समजतात, तुझं १८.४ आहे. त्याच्या खालची ओळ जास्त महत्त्वाची: फ्री टी-४ हे प्रत्यक्ष संप्रेरक तुझ्या लॅबच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी आलंय. आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं, ६२०, म्हणजे तुझी प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली आहे. जपानी सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटो म्हणतात. यात ग्रंथीच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. जात्याची पाळूच झिजली असेल तर दुप्पट धान्य घालून दुप्पट पीठ पडत नाही. तुझ्या यादीतले बहुतेक उपाय असं धान्य वाढवणारे आहेत.

मग तुझ्या जावेच्या बहिणीचं टीएसएच धण्याच्या पाण्याने उतरलं ते कसं? तू लिहितेस तिचं ७ होतं आणि टी-४ नॉर्मल. अशा सौम्य अवस्थेत काहीही न करता ते पुष्कळदा आपोआप खाली येतं. इस्राएलमध्ये हजारो लोकांच्या तपासण्या पाच वर्षं बघितल्या, तेव्हा ५.५ ते १० मधल्या निम्म्याहून जास्त लोकांचं टीएसएच औषधाशिवायच नॉर्मलला आलं होतं. त्या काळात जे काही प्यायलं जातं, श्रेय त्याला मिळतं. शिवाय टीएसएच रात्री उशिरा चढतं आणि दुपारी उतरतं. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या खेपेला दुपारी दोनला रक्त दिलं, तरी आकडा बदललेला दिसेल. तिला कदाचित गोळीची गरजच नव्हती. पासष्टीपुढच्या लोकांना अशा सौम्य अवस्थेत गोळी देऊन त्रास कमी होतो का, हे युरोपात ७३७ जणांवर तपासलं होतं. २०१७ साली निकाल आला, फरक पडला नव्हता. म्हणजे गोळी सरसकट सगळ्यांना हवी असं मी म्हणत नाही. पण तिचा रिपोर्ट आणि तुझा रिपोर्ट ही दोन वेगळी दुखणी आहेत.

गोळीला तू ‘केमिकल’ म्हटलंस ते मला लागलं. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकासलला जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. सुजलेली, थंड पडलेली ती बाई पुढे २८ वर्षं जगली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी ग्रंथीतून थायरॉक्सिन, म्हणजेच टी-४, शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज बाटलीतली लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तेच, तुझी ग्रंथी बनवते तोच रेणू, अणूला अणू जुळणारा. तुझ्या यादीत याच्याइतकं शरीराचं स्वतःचं दुसरं काही नाही. परदेशात डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या ‘नॅचरल’ म्हणून मिळतात. तुझ्या पुतण्याने तिकडून पाठवायचं म्हटलंय त्या याच. त्यात टी-४ आणि थायरॉईडचं दुसरं संप्रेरक टी-३ यांचं प्रमाण साधारण चारास एक असतं. माणसाच्या ग्रंथीत ते चौदास एकच्या आसपास आहे. टी-३ झटकन चढतं, धडधड सुरू होते. त्याला नको म्हणून कळव.

आता मीठ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या स्वयंपाकघरातली खरी चूक इथे आहे. वर्षभरापासून तुम्ही रोजच्या जेवणातसुद्धा सैंधव वापरता असं तू सहज लिहून गेलीस. उपासापुरतं ठीक होतं. सैंधवात मुद्दाम आयोडीन घातलेलं नसतं. साध्या पाकिटातल्या मिठात घराघरापर्यंत पोचताना किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मिठातून त्यातलं अर्धं येतं, उरलेलं दूध-दही, अंडी आणि समुद्राच्या मासळीतून. तुम्ही मासे खात नाही, अंडी मुलगा आला तरच. वर मीठही सैंधव. मग आयोडीन येणार कुठून? हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसतं मीठ बदलून गलगंड कमी करून दाखवला, आणि १९६२ पासून देशभर तो कार्यक्रम सुरू झाला. ते विसरून आपण आता महाग, गुलाबी मीठ आणतो. साधं आयोडीनचं मीठ आण, घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेव आणि भाजी-आमटी उतरवताना घाल. ओल आणि उष्णता दोन्हींनी आयोडीन उडतं.

पण याने तुझा हाशिमोटो बरा होणार नाही, आणि इथेच पहिला धोका आहे. मीठ हवं म्हणजे आयोडीनच्या गोळ्या हव्यात असं नाही. समुद्रशेवाळाच्या ज्या कॅप्सूलची जाहिरात तू पाठवलीस, त्या जातीच्या एकेका कॅप्सूलमध्ये दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन असू शकतं, आणि बाटलीबाटलीत फरक. आयोडीन एकदम जास्त झालं की ग्रंथी संप्रेरक बनवणं थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, हाशिमोटोने खिळखिळी झालेली सावरत नाही. तेव्हा शेवाळाच्या कॅप्सूल नकोत, आणि आयोडीनचे थेंबही नकोत.

सेलेनियमचं प्रकरण थोडं वेगळं आहे. टी-४ चं कामाच्या टी-३ मध्ये रूपांतर करणाऱ्या विकरांना (एन्झाइम) ते लागतं, हे खरं. रोज २०० मायक्रोग्रॅम दिल्यावर अँटी-टीपीओ उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलंय. पण त्यामुळे गोळी सुटली किंवा थकवा गेला असं ठोस दिसलेलं नाही. ब्राझील नट रोज चार-पाच खायला तुला सांगितलंय ते मात्र थांबव. एकेका बीत ५० ते ९० मायक्रोग्रॅम, कधी त्याहून जास्त असतं आणि दिवसाची वरची मर्यादा ४०० आहे. ती सतत ओलांडली तर केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. केस गळतात म्हणून खाल्लेल्या बियांनीच केस जायचे. आठवड्यातून दोन-तीन खाल्ल्यास तर हरकत नाही.

लोहाकडे मात्र कुणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. थायरॉईडमध्ये संप्रेरक जोडणारं विकर लोहावर चालतं. तुझं हिमोग्लोबिन १०.२ आहे. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घे, आणि त्याबरोबर बी-१२ सुद्धा, कारण हाशिमोटोबरोबर जठराचाही असाच आजार असू शकतो आणि मग बी-१२ आणि थायरॉईडची गोळी दोन्ही नीट शोषली जात नाहीत.

आस्कंद, म्हणजे अश्वगंधा. तुझ्या यादीतल्या ज्या थोड्या गोष्टींमागे थायरॉईडची चाचणी आहे, त्यातलं हे एक. २०१८ साली भारतात ५० जणांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क किंवा औषध नसलेली नुसती कॅप्सूल देऊन पाहिलं, अर्कवाल्यांचं टीएसएच उतरलं. पण ते सगळे सौम्य अवस्थेतले होते आणि पन्नास हा आकडा लहान आहे. उलट बाजूने, अश्वगंधेने थायरॉईड भडकल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गोळीबरोबर घेतलीस तर आकडा कशाने हलला तेच कळणार नाही. पहिले सहा महिने नको. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर कुणीही लगेच बंद करावी.

कांचनार गुग्गुळ जुना आणि मानाचा योग आहे. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली ज्याची पानं विकली जातात, त्या कांचनाची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, वेलदोडा, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांच्या वजनाइतका गुग्गुळ. हा योग गलगंड आणि गाठींसाठी सांगितलेला आहे. तुझी ग्रंथी सुजलेली नाही, सुकत चालली आहे. कोरड्या पडलेल्या विहिरीचं पाणी उपसायला पंप लावण्यासारखं होईल. शिवाय गुग्गुळाने जुलाब आणि अंगावर पुरळ येऊ शकतं. वैद्यांकडे जायचंच असेल तर गोळी चालू असल्याचं सांग आणि लेबल नसलेली भस्माची पुडी घेऊ नकोस. अशा पुड्यांत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

कलौंजीबद्दल तू विचारलंस. इराणमध्ये हाशिमोटोच्या ४० रुग्णांना आठ आठवडे रोज दोन ग्रॅम पूड दिली, वजन आणि टीएसएच थोडं उतरलं. चिमूटभर लोणच्यात, नानवर घाल, मला आवडेल. पण दुकानात नीट बघून घे. कलौंजी काळी, टोकेरी, तीन धारांची असते. आपल्या चटणीचे कारळे वेगळे, शहाजिरं वेगळं.

धण्याचं पाणी, खोबरेल तेल, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर यांचा थायरॉईडवर काही परिणाम दिसलेला नाही. धण्याचं पाणी आवडतं तर पी. खोबरेल मात्र एका मोठ्या चमच्याला सव्वाशेच्या आसपास कॅलरी देतं, आणि थायरॉईड मंद असताना कोलेस्टेरॉल आधीच चढलेलं असतं. होमिओपॅथीच्या तीसच्या शक्तीत मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा उरत नाही. सर्वांगासनाने ग्रंथी ‘जागी होते’ याला आधार नाही आणि तुझ्या मानेला ते झेपणार नाही. त्याऐवजी रोज चाल, बद्धकोष्ठ आणि मरगळ दोन्हीला चालणं खरंच कामी येतं.

कोबी, फ्लॉवर, मोहरी सोडलीस हे वाचून हळहळले. त्यातली द्रव्यं आयोडीनला अडवतात हे खरं, पण शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो आणि ताटातल्या भाजीने काही होत नाही. न्यूयॉर्कच्या एका ८८ वर्षांच्या बाईची अवस्था त्यामुळे गंभीर झाली होती, पण ती कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा पाकचोय (चिनी कोबी) खात होती. बाजरीबद्दलही असंच. सुदानच्या दारफुरमध्ये बाजरीवरच जगणाऱ्यांत गलगंड दिसला, तिथे आयोडीनही कमी होतं. संक्रांतीची भाकरी, तीळ लावून, खुशाल खा. सोयाबीन तेवढं गोळीपासून लांब ठेव.

गोळीच्या बाबतीत बहुतेक घोळ ती कशी घेतात यात असतो. सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पेलाभर पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. तुझा दुधाचा चहा गोळीच्या पाठोपाठ गेला तर गोळीचा काही भाग वायाच जाईल. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं चार तासांनी. तुझी कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर घे म्हणजे प्रश्नच मिटला. सकाळ जमतच नसेल तर झोपताना घेता येते, जेवून तीन तास झालेले हवेत, पण मग कॅल्शियम दुपारी. बाटली ओट्यावर किंवा बाथरूमच्या कपाटात नको, झाकण घट्ट लावून बेडरूममध्ये ठेव. ओल आणि उन्हाने ती कमजोर होते. एकच कंपनी धरून ठेव, दुकानदाराने दुसरी दिली तर पुढच्या तपासणीत लक्ष ठेव.

५० मायक्रोग्रॅम ही सुरुवात आहे. ग्रंथीने पूर्ण काम सोडलं तर किलोमागे १.६ लागतात, म्हणजे तुझ्या ६२ किलोला शंभरच्या आसपास. तिथवर टप्प्याटप्प्याने जायचं. शरीरातलं औषध निम्मं व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे त्याची पातळी हळूहळूच स्थिरावते, म्हणून पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून घाबरू नकोस. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासायचं, त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यायची, आणि लॅब आणि वेळ तीच ठेवायची. मधे छातीत धडधड, हाताला कंप किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता डॉक्टरांना सांग. एखाद्या दिवशी विसरलीस तर आठवल्यावर रिकाम्या पोटी घे.

प्राचीला सांग, मूल होऊ देण्याआधी टीएसएच करून घे. हे दुखणं घराण्यात चालतं, आणि गर्भारपणात पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर असतं.

तुझी,
शैला

ता.क. केसांसाठी ज्या गोळ्या घेतेस त्यांच्या लेबलवर बायोटिन किती लिहिलंय बघ. ५ किंवा १० मिलिग्रॅम असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेव. बायोटिनने काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. मग गोळी कमी करायला सांगतील आणि तू परत तिथेच येशील. हा रिपोर्ट काढलास तेव्हा त्या गोळ्या चालू होत्या का, तेही कळव.