खालून वर पडणारा पाऊस

लुसाका, झांबिया
रविवार, 4 मे 2025

ती. आई व ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर अण्णांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई "जेवलास का" विचारून मध्येच तोडते, म्हणून हे कागदावर. आमच्या दुकानातला एकजण सुट्टीवर पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तर मी व्हिक्टोरिया धबधबा बघून आलो. 1 मेची सुट्टी इथेही असते, कामगार दिनाची. त्याला शुक्रवारची रजा जोडली आणि काल रात्री परत आलो. अण्णा विचारायच्या आत सांगतो, बस, राहणं, खाणं सगळं धरून अडीच हजार क्वाचा गेले. एक क्वाचा म्हणजे तीनेक रुपये, करा हिशोब. दुकानातले बाकीचे विमानाने जाऊन तिथल्या मोठ्या हॉटेलात उतरतात. त्यांचं एका रात्रीचं भाडंही एवढ्यात निघायचं नाही.

लुसाकाहून लिव्हिंग्स्टन पावणेपाचशे किलोमीटर. पहाटे बसमध्ये बसलो. गाडी सुटायच्या आधी टाय लावलेला एक माणूस चढला आणि दोन सीटांच्या मधे उभा राहून त्याने प्रवासासाठी प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी मान खाली घालून आमेन केलं. आपल्याकडे ड्रायव्हर उदबत्ती ओवाळतो, तसलाच प्रकार. मीही हात जोडले, म्हटलं आपलं काय जातंय.

दोन-अडीच तासांनी मझाबुका आलं आणि अण्णा, तुमची आठवण झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर ऊस! नुसता ऊस! नदीच्या पाण्यावर भिजवलेला, बांध म्हणून दिसत नाही. आपल्याकडे कारखाने बंद होतात तेव्हा इथला हंगाम सुरू होतो. तोडायच्या आधी फड पेटवतात, त्यामुळे पाचट जळल्याचा वास थेट बसमध्ये येत होता. शेजारी बसलेल्या बाईला मी सांगत होतो की आमच्याकडे पण ऊस असतो. ती म्हणाली, "बरं", आणि तिने मला उकडलेल्या शेंगा दिल्या.

लिव्हिंग्स्टनला एका वसतिगृहात आठजणांच्या खोलीत वरची कॉट मिळाली. खाली एक जर्मन पोरगा रात्रभर घोरला. आई, गादी स्वच्छ होती. जेवायला बाजारात नशिमा खाल्ला. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा, सोबत शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. हाताने तोडून, बोटांनी चेपून खायचा. भाकरीच्या जवळ जातो, पण तव्याचा खमंगपणा नाही.

गावापासून धबधबा दहा-अकरा किलोमीटर. वाटेत हत्ती रस्ता ओलांडतात म्हणून चालत जाऊ नका म्हणतात, शेअर टॅक्सी केली. गावातूनच आभाळात पांढरा लोट दिसतो. मला वाटलं कुठेतरी गवत पेटलंय. त्याचं इथलं नाव मोसी-ओआ-टुन्या, म्हणजे गडगडणारा धूर. लिव्हिंग्स्टनसाहेब 1855 साली आला आणि त्याने आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. माझं मत विचाराल तर आधीचंच बरं होतं. (इथल्या बिअरचं नावही मोसी आहे. मी फक्त पाटी वाचली, आई.)

आत जायला परदेशी पाहुण्यांकडून डॉलर घेतात. माझ्याकडे इथला कामाचा परवाना, त्यामुळे क्वाच्यात आणि बरंच कमी.

आता अण्णांचा मुद्दा. "पाणी बघायला एवढ्या लांब कशाला, ठोसेघरला काय कमी आहे?" उंचीत तर ठोसेघरच वरचढ, हा जेमतेम 108 मीटर. पण ठोसेघरला आपण दरीच्या पलीकडून लांबून बघतो. इथे सपाट रानातून आलेली पावणेदोन किलोमीटर रुंद नदी एका आडव्या भेगेत पडते, अख्खीच्या अख्खी. भेगेचा दुसरा काठ हाकेच्या अंतरावर, आणि आपण त्या काठावरून चालतो. कातळ आपल्या विहिरीत लागला तसलाच काळा. खाली पडलेल्या पाण्याला बाहेर पडायला एकच अरुंद वाट, त्यामुळे तुषार उसळून वर येतात. मग पाऊस खालून वर लागतो! भाड्याचा रेनकोट घेतला होता, तो छत्रीसारखा उलटा झाला. नाइफ एज नावाचा चिंचोळा पूल आहे, त्यावर तर समोर काही म्हणता काही दिसेना. पांढरं, आणि पायाखालचा पूल हलतोय की मीच, कळेना. आवाज कानात कमी आणि छातीत जास्त. मध्येच वारा फिरला, पडदा सरकला आणि पाण्याची भिंत दिसली, असेल पाच-सहा सेकंद. खाली बघितलं तर इंद्रधनुष्याचं पुरं कडं, पायाच्या खाली. पुन्हा सगळं पांढरं.

म्हणजे फोटोत दिसतो तसा धबधबा मी पाहिलाच नाही म्हणा. टॅक्सीवाला म्हणाला, ऑक्टोबरात ये, सगळं स्वच्छ दिसेल. पण तेव्हा झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कातळच असतो. याच नदीवर खाली करिबा धरण आहे. गेल्या वर्षीच्या दुष्काळात ते तळाला गेलं आणि लुसाकात आम्ही दिवसाला तीन-चार तास वीज मिळाली तरी खूश होतो. अण्णा, रात्री दोनला उठून मोटार चालू करणाऱ्या माणसाला मी हे काय सांगू! त्यामुळे मी मेमध्ये भिजलो तेच बरं. पौर्णिमा आठ-दहा दिवसांवर होती. त्या रात्री चांदण्यातही इंद्रधनुष्य दिसतं म्हणे, पण पुढची रजा कोण देणार?

बाहेर आलो तर एका बबून माकडाने हातातली पिशवी हिसकली. चांगला कुत्र्याएवढा असतो. माझ्यासमोर बसून केळी खाल्ली, चपातीचा वास घेतला आणि ती टाकून दिली. मी केलेली होती, त्याला दोष देत नाही.

मग सीमेवरच्या कचेरीतून चिठ्ठी घेऊन पुलापर्यंत गेलो. 1905 सालचा लोखंडी पूल, खाली सव्वाशे मीटरवर नदी. मधोमध हद्द आहे, तिथे एक पाय झिंबाब्वेत ठेवून उभा राहिलो. तिथूनच दोर बांधून लोक उड्या मारतात. मी मारली नाही. आई, शपथ. तेवढ्या पैशात पंपाची मोटार भरून येते.

बूट अजून ओले आहेत, खिडकीत ठेवलेत. इथे आता थंडी सुरू होतेय, वाळायला वेळ लागतो. वहिनीला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. कुणी येत असेल तर पाठवा, आणि जरा तिखट.

पाकिटात पिंट्यासाठी नोट ठेवलीय. पुलावर एक पोरगा विकत होता. झिंबाब्वेची 2008 सालची, एकावर दहा शून्यं, म्हणजे हजार कोटी डॉलर. तो शंभर क्वाचा म्हणत होता, मी साठला घेतली. शाळेत दाखव म्हणावं, पण दुकानात घेऊन जाऊ नकोस.

आपला,
धाकटा