बाबा, त्या गोळ्यांबद्दल

ऐरोली
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
सा. न.

गाउटच्या गोळ्यांचा विषय काढला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणून फोन सोडून मोकळे होतात, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून मोठ्याने वाच.

काल नौपाड्याला आले तेव्हा चादर अंगठ्याला लागू नये म्हणून आंघोळीचं स्टूल पायावर उभं केलं होतं. बिचारं स्टूल! अंगठ्याचा सांधा लालबुंद, चकचकीत. आणि उशाशी ॲलोप्युरिनॉलची पट्टी, एका दिवसात तीन गोळ्या गायब. बाबा, ती गोळी युरिक ॲसिड हळूहळू उतरवते, आलेली कळ नाही. जास्त घेऊन उपयोग शून्य. रोजची एक मात्र चुकवू नका.

कळ का येते ते डॉक्टरांना विचारलं. सांध्यात युरेटचे, म्हणजे त्याच युरिक ॲसिडचे, सुईसारखे स्फटिक साचतात. पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि बोंब ठोकतात, की आणखी पेशी धावत येतात. सूज, लाली, ठणका सगळा त्या गर्दीचा. कोल्चिसिन, म्हणजे कळ आल्यावर घ्यायची ती दुसरी गोळी, त्या पेशींच्या आतल्या बारीक नळ्या जुळू देत नाही, म्हणून त्यांना नीट सरकता येत नाही. मग गर्दी जमायच्या आत, ठणका सुरू होताच घ्यायला हवी ना? तुम्ही दीड दिवस "बघू सकाळी" करत बसलात.

आणि मोजूनच. पूर्वी जुलाब लागेपर्यंत देत असत. २०१० साली छापलेल्या चाचणीत १.८ मिलिग्रॅमने ४.८ इतकाच आराम पडला, जुलाब मात्र कितीतरी कमी. तुमची किडनी थोडी मंद, तेव्हा तुमचा डोस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलाय तेवढाच.

शेजारच्या काकांची पेनकिलर परत करा. सूज उतरवते हे खरं, सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनूच देत नाही. पण किडनीला रक्त पुरायलाही तेच लागतं. कोल्चिसिन नाही सोसली तर डॉक्टर थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देणार आहेत. तेव्हा साखर वाढेल, आई, मशीन काढून ठेव.

बर्फ फडक्यात गुंडाळून लाव, नुसता नको. आणि पट्टीत किती उरल्या ते मोजून उद्या मला सांग. बाबांना विचारू नकोस, स्वतः मोज.

तुमची,
छकुली